ज्याचा पार्ट त्याला

रविवारी सकाळी बायजा रबाळ्याच्या नाक्यावर फुलं आणायला गेली. होळी होऊन आठवडा झाला होता, ऊन चढायला लागलं होतं आणि कारखान्यांना सुट्टी असल्यामुळे रस्ता निवांत होता. तिनं टपोऱ्या मोगऱ्याच्या कळ्या एकेक निवडून घेतल्या. गावदेवीला कौल लावायचा तर कळी ताजी हवी, न उमललेली हवी. गंमत अशी की हा कौल तिच्याचसाठी होता. परीक्षेला बसणाऱ्यानंच पेपर छापून आणावा तसलाच हा प्रकार, असं मनात येऊन ती एकटीच हसली.

"लगीन ठरलं का काय गं?" फुलवालीनं विचारलं.

"त्याच्याहून मोठं हाय," बायजा म्हणाली.

आणि तिच्या लेखी ते खरंच मोठं होतं. तळवलीत पूर्वी एक नाटक व्हायचं, 'संगीत लवणिका'. गावच्या शाळेतल्या एका मास्तरांनी लिहिलेलं. मिठागराच्या राजाची मुलगी एका कोळ्यावर जीव लावते आणि शेवटी खाडीत विरून जाते, अशी त्याची कथा. जत्रेला ते झालं नाही तर देवी रुसते, असं म्हातारे सांगायचे. पुढे नाटक बंद पडलं, देवी काही रुसली नाही, मग म्हाताऱ्यांनी ते सांगणंही बंद केलं.

तीस वर्षांनी, म्हणजे सन चौऱ्याऐंशीत, जयदेवनं ते पुन्हा उभं करायचं मनावर घेतलं. जयदेव गावातला पहिला बी.कॉम., रबाळ्याच्या एका कंपनीत टाइमकीपर. जत्रेच्या मैदानातून पुढच्या वर्षी रस्ता जाणार होता, आखणीचे दगडसुद्धा बसले होते. म्हणजे त्या मैदानावरचा हा शेवटचा खेळ. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसे त्यानं पात्रं ठरायच्या आधीच कोपरखैरण्यापर्यंत बोर्ड रंगवून लावले. बाकीची पात्रं झटपट ठरली. ज्याच्या मिशा मोठ्या तो राजा, ज्याच्या घरात तलवार तो सेनापती, आणि ज्याला काहीच पाठ होत नव्हतं त्याला राक्षस केलं, कारण राक्षसाला नुसतं हसायचं होतं. घोडं अडलं ते लवणिकेपाशी.

गावात बाईनं कधी रंगमंचावर पाऊल ठेवलं नव्हतं. लवणिकेचं काम देवजी नावाचा गडी करायचा. तो लुगडं नेसून उभा राहिला की बायका त्याच्याकडे बघून पदर घ्यायला शिकायच्या म्हणे. शेवटच्या खेपेला तिसऱ्या अंकातलं पद त्यानं असं म्हटलं की मैदान 'वन्स मोअर' म्हणून ओरडायला लागलं. देवजीनं हात वर केला, 'आलोच' अशी खूण केली, घोटभर पाणी प्यायला विंगेत गेला आणि तिथंच कोसळून मेला. त्या दिवशी पडदा पडला तो पडलाच.

आता म्हाताऱ्यांचं म्हणणं, स्त्रीपार्ट बाप्यानंच करायचा. त्यांचा उमेदवार कोपरखैरण्याचा नामदेव. गोरा, नाजूक, आवाज असा की दाराआडून बोलला तर दूधवाला 'वहिनी' म्हणेल. जयदेवचं म्हणणं, पोरी कंपनीत मशीन चालवतात मग नाटकात का गाऊ नये? त्याची उमेदवार बायजा. ती औषधाच्या कंपनीत गोळ्या पॅक करायची आणि पॅक करता करता गायची. सुपरवायझर ओरडला की गप्प बसायची, तो वळला की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. आपला गळा चांगला आहे हे तिला ठाऊक होतं. तो एकदा, एकदाच, सगळ्या गावानं गप्प बसून ऐकावा, एवढीच तिची इच्छा होती. त्यापायी तिला जेवण गोड लागत नव्हतं.

भांडण वाढलं, दोन्हीकडचे नातेवाईक एकमेकांशी बोलेनासे झाले, तेव्हा शेवटी देवीलाच विचारायचं ठरलं.

देवळात बाळारामबाबा पुजारी होता. ऐंशीला टेकलेला, जुन्या खेळात राजाचं काम केलेला. त्यानं कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या. आता रीत अशी, की उजवीकडे एकाचं नाव सांगायचं, डावीकडे दुसऱ्याचं, आणि ज्या बाजूची कळी पडेल त्याचं काम झालं. पण बाळारामबाबा पडला सगळ्यांचा लाडका. एकाचं नाव आधी घेतलं तर दुसऱ्याची आई तोंड फिरवणार! त्यानं एकदा बायजाकडे बघितलं, एकदा नामदेवकडे, घसा खाकरला आणि मधला रस्ता काढला.

"बाय माझे आय," तो हात जोडून म्हणाला, "आमाला काय कलत नाय. ज्याचा पार्ट हाय, त्यालाच मिलू दे..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी कळी पडली. घरंगळत आली ती थेट बायजाच्या पायापाशी.

"बायजा!" जयदेव एवढ्यानं ओरडला की घंटेवरची चिमणी उडाली. कुणीतरी म्हणालं, उजवी आपली धरायची की देवीची? त्यावर थोडी हमरीतुमरी झाली. पण उजवी कुणाचीही धरली तरी कळी आली होती ती बायजाच्याच पायापाशी. नामदेवनं मन मोठं केलं. "चला, मी सखी करतो," तो म्हणाला. "सखीला साडी तरी बरी द्या." सगळे हसले. बायजाचा आनंद तर गगनात मावत नव्हता. ती कळी तिनं वेणीत खोचली आणि घरापर्यंत पळत गेली.

देवीच्या मागच्या अंगाला, खांबाला टेकून, एक म्हातारी एवढा वेळ बसून होती. देवजीची बायको, सुंदराबाई. ती मात्र हसली नव्हती. बाळारामबाबाजवळ येऊन ती एवढंच म्हणाली, "दादा, नाव घ्यायचं व्हतं रे तू..."

बाबाला कमी ऐकू येत असे. त्यानं तिच्या हातावर प्रसाद ठेवला.

तालमी खाडीकाठच्या मिठाच्या जुन्या कोठारात सुरू झाल्या. कंपनीतली पाळी सुटली की सगळे तिथं जमायचे. कोठारात आता मीठ नव्हतं, पण भिंती मीठ प्यायलेल्या. हात लावला तर ओलसर लागायच्या आणि तो हात ओठाला लागला की खारट लागायचा. बाहेर तिवरांच्या झाडीत चिखल बुडबुडायचा. पेटीवर मारोती असायचा. परभणीकडचा, जयदेवच्या कंपनीत बॉयलरवर कामाला, एरवी विहारात भीमगीतांना साथ करणारा. भुताखेतांची गोष्ट कुणी काढली तर तो पेटीचा भाता बंद करून ठेवी.

"ताई, पट्टी कोणती तुमची?" त्यानं पहिल्या दिवशी विचारलं.

"काळी चार."

मारोतीनं काळी चारचा सूर धरला. बायजानं तिसऱ्या अंकातलं पद सुरू केलं.

*विरते मीठ जळी, तशी मी विरले,*
*नाव न उरले, गाव न उरले...*

पहिली ओळ तिनं स्वतः म्हटली. दुसऱ्या ओळीला काय झालं ते तिला नीट सांगता आलं नसतं. गळा आपोआप मोकळा झाल्यासारखा वाटला. कधी शिकली नव्हती अशी तान निघाली, वर गेली, तिथं थोडी रेंगाळली आणि हसत हसत खाली आली. अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचाच होता! दारात उभे असलेले दोन म्हातारे मांड्यांवर थाप मारून उठले. जयदेव तर नाचायचाच बाकी होता. "जिंकलंस गं! टेन्शनच खलास!"

मारोती मात्र पेटीकडे बघत बसला होता.

"ताई, तुमी मधीच उतरल्या. काळी चारवरून काळी दोनवर."

"छे! मी कुठं उतरले?"

"उतरल्या. आन् म्या बी उतरलो तुमच्या मागं. बोटं आपसूक गेली बगा." तो बोटं चोळत म्हणाला. "काळी दोन म्हंजी बाप्याची पट्टी झाली."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. आणि पद सुरू झालं की कोठारात एक वास यायचा. मिठाचा नव्हे, चिखलाचाही नव्हे. सफेद्याचा. तोंडाला फासायची ती पांढरी भुकटी खोबरेलात कालवली की जो वास सुटतो, तो. रंगाची पेटी अजून ठाण्याहून यायची होती. बायजानं नामदेवला विचारलं, त्यानं आपला चेहरा पुसून दाखवला. साधी पावडरही नव्हती.

खरं सांगायचं तर बायजाला त्याची भीती वाटली नाही. एवढं सुंदर गाणं आपल्या तोंडून निघतंय, तर वास कसला का येईना! तिचं पाऊल जमिनीवर ठरत नव्हतं. गोळ्या पॅक करताना तिचे हात आपोआप चालायचे आणि मन कोठारात असायचं.

मग एका संध्याकाळी तालमीला सुंदराबाई आली. भिंतीशी बसली. बायजानं पद म्हटलं. शेवटच्या ओळीला ती नकळत डावीकडे वळली आणि पदराचं टोक दाताखाली धरलं. पद संपलं तेव्हा एक म्हातारा भान विसरून ओरडला, "वा देवजी! वा!"

सगळे हसले. बायजाही हसली, पण पदर तिनं झटकन खाली सोडला. सुंदराबाई हसली नाही. ती उठून जवळ आली आणि बायजाचा पदर हातात घेऊन बघू लागली.

"ह्यो तोंडात धरायला तुला कोनी शिकवलं?"

"कोनी नाय, मावशी. तसाच धरला गेला."

"मी डाव्या अंगाला बसायची," सुंदराबाई हळू आवाजात म्हणाली. "पदर दातात धरला, का मी समजायची... मना बघतोय." पदराचं टोक तिनं अजून सोडलं नव्हतं. "बाय, गानारा कोन हाय ह्यो? तू हायस, का..."

एवढं बोलून ती निघून गेली. बायजाला त्या रात्री झोप लागली नाही. भीतीपेक्षा तिला राग आला होता. आता सगळं गाव गप्प बसून ऐकेल ते कुणाचं गाणं? टाळ्या पडतील त्या कुणाला? ज्याचा पार्ट त्यालाच मिळू दे, असं बाबा म्हणाला होता. नाव घेतलं नव्हतं. आणि देवीनं तर मागितलं तेच दिलं होतं. अंथरुणात उठून बसत तिनं हळूच पद म्हणून पाहिलं. ओठ हलले, सूर खालच्या पट्टीत लागला. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

पण पार्ट सोडायचा विचार एकदाही तिच्या मनात आला नाही. तिथं ती मासळी विकणाऱ्या आपल्या आईची लेक होती. बाजारात टोपली ठेवायची जागा एकदा मिळाली की कोळीण उठत नाही.

जत्रेचा दिवस उजाडला. घणसोलीपासून माणसं आली, कोपरखैरण्याहून टेम्पो भरून आले. पाळणे, गोडीशेव, पिपाण्या. दिवस बुडाला तसं जनरेटर सुरू झालं आणि रंगमंचावर ट्यूबलाइटी लागल्या. पुढे बायका, मागे बाप्ये, आणि पोरं आखणीच्या दगडांवर चढून बसलेली. बायजानं पडद्याच्या फटीतून बघितलं तर मैदानात मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. तिचं काळीज धडधडत होतं, पण ते लग्नघरासारखं. डाव्या अंगाला, पहिल्या रांगेत, सुंदराबाई बसली होती.

बायजा मारोतीपाशी गेली. "दादा, काय वाटेल ते झालं तरी काळी चार सोडू नका."

"न्हाई सोडत. पायजे तर बोटं बांधून घेतो," मारोती म्हणाला. मग आजूबाजूला बघून त्यानं पुढं जोडलं, "आपला इश्वास न्हाई असल्यावर. पन तुमी जपून ऱ्हावा."

पहिला अंक झाला, दुसरा झाला. राक्षस असा हसला की पोरांनी त्यालाच वन्स मोअर दिला. तिसरा अंक लागला. बायजा डाव्या विंगेत येऊन उभी राहिली. राजाचं भाषण संपलं की तिला जायचं होतं. विंगेत अंधार होता, फक्त पडद्याच्या कडेनं उजेडाची एक चीर आत येत होती. तिनं निऱ्या सारख्या केल्या.

शेजारी कुणीतरी निऱ्या सारख्या केल्या.

तिला वाटलं नामदेव. पण नामदेव तर समोरच रंगमंचावर सखीच्या साडीत उभा होता. सफेद्याचा वास आला, इतका दाट की डोळे चुरचुरले. तिनं मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून एक जरीचा पदर दिसत होता आणि पदराखाली हिरव्या बांगड्यांचा हात. मनगट रुंद, होडी हाकणाऱ्या नाखव्याचं असावं तसं.

"कोन?" तिच्या तोंडून वारा निघावा तसा शब्द निघाला.

"पानी प्यालो... आता जातो." आवाज फार मऊ होता. "मानसं थांबलीत... पद राहिलंय माजं."

राजाचं भाषण संपत आलं होतं. बायजाचे पाय पळायला सांगत होते. पण मैदानातून एवढ्या माणसांचा जो दबका आवाज येत होता ना, तो तिचा होता. तिनं त्याची वर्षानुवर्षं वाट बघितली होती.

"देवजीकाका," ती पुटपुटली, "तुमचा पार्ट व्हता. लय गोड केलात तुमी, अजून लोक नाव काढतात. पन आता तो माजा हाय..."

"ज्याचा पार्ट..."

"माजा हाय!" तिला रडू फुटत होतं. "तुमी दमलाव, काका. तुमी आता आपले घरी जा."

मग बांगड्या वाजल्या, अगदी बारीक.

"घरी?..."

"हां. घरी जा."

"जाऊ?..."

"जा, काका."

"बरं..." तो आवाज म्हणाला. त्यात असा काही आनंद होता की बायजाच्या अंगावर सरसरून काटा आला. "येतो मंग..."

वास गेला. समोर नामदेव दुसऱ्यांदा म्हणत होता, "सखे लवणिके, ये ना गं!" त्याच्या कपाळावर घाम आला होता. बायजा उजेडात गेली.

मारोतीनं सूर धरला. काळी चार. बायजानं डोळे मिटले आणि पद उचललं. ते देवजीच्या तानेसारखं गुळगुळीत नव्हतं. एका ठिकाणी तिचा दम तुटला, एका ठिकाणी सूर किंचित कापला. पण वरचा षड्ज लागला तो लखलखीत, तिचा, बायजाचा. मैदान चिडीचूप झालं होतं. पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला होता. शेवटची ओळ संपली आणि एकच गलका उठला. वन्स मोअर! वन्स मोअर! बाळारामबाबा काठी उंचावून ओरडत होता, "वा बायजा! वा माझे बाय!" पाठीमागून कुणीही दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. तिनं कान देऊन ऐकलं.

ती पुन्हा गायली. हसत, रडत, दोन्ही एकदम करत गायली. दुसऱ्या खेपेला डोळे उघडे ठेवून तिनं डावीकडे बघितलं, तर सुंदराबाईची जागा रिकामी होती. म्हातारी मैदानाच्या कडेनं गावाकडे चालली होती. एकटीच होती. पण मधूनमधून थांबत होती, बाजूला वळून काही बोलत होती, आणि वाटेत खळगा आला तेव्हा तिनं हात पुढे केला, कुणाला तरी आधार द्यावा तसा.

बायजाला त्याचा विचार करायला वेळ मिळाला नाही. पडदा पडल्यावर तिला बायकांनी उचलूनच घेतलं. आईनं कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. जयदेव तर पुढच्या वर्षी ठाण्यात प्रयोग करायच्या गोष्टी बोलू लागला होता. मारोती तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "शेवटपातुर काळी चार, ताई. एक सूर हालला न्हाई."

सकाळी जत्रेचा प्रसाद घेऊन ती सुंदराबाईकडे गेली. म्हातारीच्या पाया पडावं आणि काल कशी झाली ते तिच्या तोंडून ऐकावं, असं तिला फार वाटत होतं. सुंदराबाईचं घर खाडीच्या बाजूला, शेवटचं. दार पुढे लोटलेलं होतं. उंबऱ्याबाहेर सुंदराबाई विळी घेऊन बसली होती. पुढ्यात खाडीतल्या ताज्या निवट्या माशांचा वाटा, चांगला मोठा. एकट्या म्हातारीला तो दोन दिवसांतही संपला नसता.

"मावशी, प्रसाद आणलाय," बायजा म्हणाली, आणि तिथंच थबकली.

सुंदराबाईनं मान वर केली. तिच्या कपाळावर रुपयाएवढं ओलं कुंकू होतं. दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. तीस वर्षं त्या हातांत काही नव्हतं. चेहरा असा खुलला होता की वय कळू नये.

"ये गो बाय, ये!" ती म्हणाली. "तुझं उपकार मी कंदी इसरायची नाय. तूच बोललीस ना, घरी जा म्हनून?"

बायजाच्या हातातला द्रोण कलला. विंगेत तर दुसरं कुणी नव्हतं. तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मावशी... आत कोन हाय?" तिचा आवाज चढला.

सुंदराबाईनं घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं. बांगड्या किणकिणल्या. तिनं लोटलेल्या दाराकडे एकदा मागे वळून बघितलं आणि लाजून हसली.

"हलू बोल, बाय... रातभर गात व्हता. आता कुटं डोला लागलाय."